बिल स्टेपचं ‘बोनापार्ट्स रिट्रीट’ वाजवायचं असेल तर

पुण्यात गायकी अंगानं व्हायोलिन वाजवणाऱ्या एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. अमेरिकन संगीतकार अॅरन कॉपलंडच्या ‘रोडिओ’ या बॅलेतलं ‘होडाउन’ त्यांनी ऐकलं. त्यातली मुख्य धून, ‘बोनापार्ट्स रिट्रीट’, अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या बिल स्टेप या फिडलवादकाची (लोकसंगीतातल्या व्हायोलिनला फिडल म्हणतात) आहे हे कळल्यावर त्यांनी १९३७ सालचं मूळ रेकॉर्डिंग शोधलं, स्वरलिपी मिळवली आणि धून बसवली. स्वर बरोबर लागतात, वेगही बऱ्यापैकी जमतो, पण रेकॉर्डिंगमधला घुमारा काही येत नाही. तारांची जुळवणी वेगळी आहे का, बो (गज) कसा चालवायचा, बाकीचे वादक हीच धून एवढी संथ का वाजवतात आणि सोबतीला तबला घेतला तर चालेल का, असं त्या विचारतात.

ताई, जुळवणी वेगळी आहे, आणि तुमची निम्मी अडचण तिथंच आहे. उरलेली निम्मी उजव्या हातात आहे. डाव्या हाताचं काम या धुनेत सोपं आहे. तुमच्यासारख्या तयारीच्या वादकाला ते एका बैठकीत जमेल, आणि जमलं की धून आली असं वाटायला लागेल. स्वरलिपीनं तुम्हाला तेवढंच दिलं आहे.

आधी जुळवणी. नेहमीच्या व्हायोलिनच्या तारा खालून वर जी, डी, ए, ई अशा असतात. स्टेपनं ही धून डी, डी, ए, डी अशा जुळवणीत वाजवली. मधल्या दोन तारा आहेत तशाच राहतात. वरची ई एक पूर्ण स्वर उतरवून डी करायची. खालची जी मात्र पाच अर्धस्वर खाली, म्हणजे मधल्या डीच्या बरोबर एक सप्तक खाली आणायची. आपल्या भाषेत सांगायचं तर पांढरी दोनला षड्ज धरा, म्हणजे खर्जाचा सा, मध्य सा, मध्य पंचम आणि तार सा अशा चार मोकळ्या तारा मिळतात. तीन षड्ज आणि एक पंचम. तुम्ही प-सा-प-सा किंवा सा-प-सा-प जुळवत असाल तर ही कल्पना तुम्हाला नवी नाही. नवी गोष्ट एवढीच की इथं त्या मोकळ्या तारा सतत धुनेबरोबर वाजतात.

तारा उतरवताना थोडी काळजी घ्या. वरची तार आधी उतरवा, मग जी हळूहळू खाली आणा. दोन तारांचा ताण कमी झाला की मधल्या दोन तारा आपोआप किंचित चढतात, त्या परत लावा, मग पुन्हा खालची बघा. हे दोन-तीन फेऱ्यांत स्थिर होतं. प्रत्येक फेरीत घोडीकडे नजर टाका. ती पुढे किंवा मागे झुकलेली दिसली तर बोटांनी हलकेच सरळ करा. खुंटी फिरवताना आत दाबून फिरवा, नाहीतर सुटेल. खालची तार आता ढिली लागेल. तिच्यावर नेहमीच्या वजनानं बो टेकवला तर ती फडफडते आणि सूर वर-खाली होतो. म्हणून तिथं बो हलका ठेवायचा आणि घोडीच्या थोडा जवळ घ्यायचा. पोलादी गाभ्याच्या तारा असतील तर जुळवणी लवकर बसते. सिंथेटिक गाभ्याच्या तारा दिवसभर सरकत राहतात, त्यामुळे आदल्या रात्रीच उतरवून ठेवलेलं बरं. पुढचे काही दिवस वाद्य याच जुळवणीत राहू द्या. रोज बदलत बसलात तर वाद्य कधीच स्थिरावणार नाही, आणि कानही नाही.

या जुळवणीत वाद्याचा आवाज बदलतो, तो का, हे समजून घेण्यासारखं आहे. डीवर आधारलेला कुठलाही स्वर वाजला की न वाजवलेल्या डीच्या तारासुद्धा कंपन पावतात. वरच्या तारेवर षड्ज किंवा पंचम लागला की खालच्या सप्तकातली तार गुणगुणते. तुम्ही म्हणता तो घुमारा हाच. साध्या जुळवणीत कितीही सुरेल वाजवलं तरी तो मिळणार नाही, कारण तिथं उत्तर द्यायला दुसरी डी नसते. अजून एक सोय होते. वरची तार आणि वरून तिसरी तार आता एकाच स्वराच्या, एक सप्तक अंतरावरच्या आहेत. तिसऱ्या तारेवर गंधार जिथं दुसऱ्या बोटाखाली आहे, तिथंच वरच्या तारेवरही आहे. म्हणून हे वादक एकच वाक्य कधी वर, कधी खाली सहज घेतात. हात कुठंही सरकवावा लागत नाही. पूर्ण धून पहिल्या पोझिशनमध्ये बसते.

आता स्टेपबद्दल. विल्यम हॅमिल्टन स्टेप यांचा जन्म १८७५ चा. पूर्व केंटकीच्या डोंगराळ भागातले ते वादक. सॅलियर्सव्हिल हे मॅगॉफिन काउंटीचं मुख्य गाव, लिकिंग नदीच्या काठी. ऑक्टोबर १९३७ मध्ये अॅलन लोमॅक्स आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ हे दोघं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी लोकसंगीत गोळा करत तिथं आले. अॅलनचं वय तेव्हा २२ होतं. सोबत डिस्क जागेवरच कोरणारं यंत्र होतं. स्टेप तेव्हा साठी ओलांडलेले. त्यांनी ज्या अनेक धुना वाजवल्या त्यांतली एक ‘बोनापार्ट्स रिट्रीट’. तुम्ही ऐकलंत ते हेच.

त्या रेकॉर्डिंगनं केलेला प्रवास विलक्षण आहे. जॉन आणि अॅलन लोमॅक्स या पिता-पुत्रांनी १९४१ मध्ये ‘अवर सिंगिंग कंट्री’ हा लोकगीतांचा संग्रह काढला. त्यातल्या स्वरलिपीचं काम रूथ क्रॉफर्ड सीगर यांच्याकडे होतं. त्या स्वतः आधुनिक शैलीच्या संगीतकार होत्या. संगीतरचनेसाठी गुगेनहाइम फेलोशिप मिळवणारी पहिली स्त्री म्हणून १९३० मध्ये त्यांचं नाव झालं होतं. एकेक डिस्क पुन्हा पुन्हा लावून, वादकानं खरोखर जे वाजवलं तेच कागदावर आणायचं, असा त्यांचा आग्रह असे. वेडावाकडा ठोका सरळ करायचा नाही, अधला-मधला स्वर जवळच्या पट्टीत ढकलायचा नाही. त्यांच्या या कष्टांविषयी मला फार आदर आहे. लोकसंगीत ‘सुधारून’ छापण्याची पद्धत सर्रास होती अशा काळात त्या खेड्यातल्या वादकाला एखाद्या मोठ्या रचनाकाराइतका मान देत होत्या.

कॉपलंडनं धून घेतली ती या छापील पानावरून. नृत्यदिग्दर्शिका अॅग्नेस डी मिल यांच्यासाठी लिहिलेलं ‘रोडिओ’ १६ ऑक्टोबर १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये पहिल्यांदा सादर झालं. त्याच्या अखेरच्या ‘होडाउन’मध्ये व्हायोलिनं जी धून उचलतात, ती स्टेपच्या वादनाच्या जवळजवळ स्वरास्वराला धरून आहे. पुढे इमर्सन, लेक अँड पामर या रॉक बँडनं १९७२ मध्ये तीच रचना ऑर्गनवर वाजवली, आणि १९९० च्या दशकात ती अमेरिकेत गोमांसाच्या जाहिरातीतून घरोघरी पोचली. कोट्यवधी लोकांच्या कानात ‘अमेरिकन पश्चिम’ म्हणून बसलेला हा आवाज मुळात केंटकीच्या एका डोंगरी गावातल्या एका माणसाच्या बोचा आहे. मैफलीच्या कार्यक्रमपत्रिकेवर बहुतेक वेळा कॉपलंडचंच नाव असतं. स्टेपचं नाव शेजारी छापायला एक ओळ पुरते, आणि ती छापली गेली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

‘होडाउन’ मला आवडतं. पण ते ऐकून ही धून शिकू नका. कॉपलंडचा वाद्यवृंद नेहमीच्या जुळवणीत असतो. स्टेपच्या चार तारांमधून एकट्यानं जे भरून येतं, ते कॉपलंड चेलो, पियानो, झायलोफोन, तालवाद्यं यांच्यात वाटून देतो. त्यातला फक्त व्हायोलिनचा भाग उचलून एकट्यानं वाजवला तर तो उघडा पडतो. तुमच्या वाजवण्यात नेमकं हेच झालं असणार.

संथ की जलद, या प्रश्नात एक चांगली गोष्ट दडली आहे. स्टेपचं रेकॉर्डिंग या धुनेचं सर्वसाधारण रूप नाही. दक्षिणेतले बहुसंख्य जुने वादक ‘बोनापार्ट्स रिट्रीट’ संथ लयीत, कूच करणाऱ्या सैन्याच्या चालीनं वाजवत. जॉर्जियाच्या ए. ए. ग्रे यांनी १९२४ मध्ये अटलांटात ती एकट्या फिडलवर ध्वनिमुद्रित केली, ती ऐका. दोन्ही एकापाठोपाठ ऐकलीत तर हीच ती धून का असा प्रश्न पडेल. नेपोलियनच्या नावाच्या धुना आयर्लंड, स्कॉटलंड, इंग्लंड आणि अमेरिका सगळीकडे आहेत. ऱ्हाइन ओलांडणारा बोनापार्ट, आल्प्स ओलांडणारा बोनापार्ट, अशी त्यांची नावं. ‘रिट्रीट’ म्हणजे त्याची माघार. ती मॉस्कोहूनची असो की वॉटर्लूची, वादक आपापली कथा सांगत. खालच्या ढिल्या तारेचा घरघराट म्हणजे तोफा किंवा नगारे, सतत वाजणारा आस, म्हणजे मोकळ्या तारेचा आधारस्वर, हा बॅगपाइप, असं चित्र श्रोत्यांसमोर उभं करत आणि मग वाजवत. ही बसून ऐकायची धून होती, नाचायची नव्हती.

स्टेपनं ती नाचाच्या वेगात नेली. तिला पूर्व केंटकीच्या ब्रेकडाउनचा, म्हणजे जलद नाचाच्या धुनेचा, वेग दिला आणि बॅगपाइपचा आस तसाच ठेवला. त्यामुळे वरती धावपळ आणि तळाशी न हलणारा षड्ज, असा ताण तयार झाला. कॉपलंडला हा ताण मिळाला नसता, आणि रूथबाईंच्या पानावर ग्रेसारखी संथ कूच असती, तर ‘होडाउन’ कसं झालं असतं, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. तेव्हा अस्सल कुठलं, असं विचारू नका. संथ रूप परंपरेचं, जलद रूप स्टेपचं. दोन्ही वाजवा, पण मिसळू नका. आणि १९५० मध्ये पी वी किंगनं या धुनेवर शब्द बसवून केलेलं आणि के स्टारनं गाजवलेलं गाणं तुम्हाला सापडेल. ते वेगळंच प्रकरण आहे, तुमच्या कामाचं नाही.

आता उजवा हात. इथं तुमचं शिक्षण थोडं आड येणार आहे, म्हणून सविस्तर सांगते. गायकी अंगात बो बदललेला कळू नये म्हणून आपण वर्षानुवर्षं मेहनत करतो. एका बोमध्ये अख्खी मींड, अख्खी तान. इथं उलट आहे. बो बदलला की तो ऐकू आलाच पाहिजे, कारण लय तिथूनच जन्माला येते. या वादकांच्या सोबतीला पिढ्यानपिढ्या कुणी तालवाद्य नव्हतं. पूर्व केंटकीच्या डोंगरात गिटार उशिरा पोचली. तोपर्यंत नाचणाऱ्यांची पावलं सांभाळायची ती एकट्या फिडलनं, फार तर सोबत एखाद्या बँजोनं. धून, आस आणि ठेका तिन्ही एकाच बोमधून काढायचे. तुम्ही स्वरलिपीतून धून घेतलीत, बाकीच्या दोन गोष्टी अजून घ्यायच्या आहेत.

सुरुवात डाव्या हाताशिवाय करा. बो खालच्या टोकाशी न धरता जरा पुढे, काठीवर वर सरकून धरा. जुने डोंगरी वादक बरेच जण असाच धरत. त्यामुळे बो हलका होतो आणि मधल्या तिसऱ्या हिश्श्यात छोटे फटके सहज निघतात. आता वरच्या दोन मोकळ्या तारा एकत्र वाजवा. एक लांब, दोन आखूड, एक लांब, दोन आखूड. याला शफल म्हणतात. लांब फटका दोन मात्रांचा, आखूड एकेक मात्रेचा. हे सलग चालू ठेवून हळूच मधल्या दोन तारांवर या, मग खालच्या दोन, आणि परत वर. मनगट पुढे-मागे सरळ रेषेत न हलवता जात्याच्या खुंट्यासारखं गोल फिरू द्या. तारा बदलताना कोपर उचलावं लागत असेल तर फेरी मोठी होतेय असं समजा. हे आठवडाभर करा, धुनेला हात लावू नका. तुमच्यासारख्या वादकाला कंटाळा येईल हे मला ठाऊक आहे, पण हा भाग गाळून पुढे गेलेले खूप वादक मी ऐकले आहेत आणि त्यांचं वादन नेहमी पळतं, नाचत नाही.

मग जोर. हिंदुस्थानी कान समेकडे धावतो, पहिल्या मात्रेवर वजन टाकतो. या शैलीत पाय पहिल्या ठोक्यावर पडतो आणि बो त्याच्या उलट्या ठोक्यावर दाबतो. पायानं ‘एक’ म्हणा, बोनं ‘आणि’ म्हणा. खुर्चीवर बसून दोन्ही टाचा खाली ठेवून एक पाऊल आपटत वाजवा. मांडी घालून, वाद्याचं डोकं पावलाशी टेकवून हे जमणार नाही, कारण पाय मोकळा हवा. वाद्य खांद्यावर धरा किंवा छातीशी टेकवा, दोन्ही चालतं. केंटकीत दोन्ही पद्धतींनी वाजवणारे होते.

मग धून घ्या, अगदी सावकाश. नाचाच्या धुनेचा वेग मिनिटाला साधारण ११० ते १२० ठोके असतो आणि प्रत्येक ठोक्यात चार स्वर. तुम्ही ६० ठोक्यांवर सुरू करा. धून ज्या तारेवर असेल तिच्या शेजारची मोकळी तार सोबत वाजलीच पाहिजे. धून तिसऱ्या तारेवर असेल तर खर्जाचा डी, दुसऱ्या तारेवर असेल तर वरचा किंवा खालचा डी, वरच्या तारेवर असेल तर ए. कुठला आस कधी घ्यायचा याचा नियम नाही, आणि वादक प्रत्येक आवर्तनात तो बदलतो. या शैलीतला विस्तार एवढाच असतो. एखादा स्वर जरा आधी ढकलायचा, एखाद्या जागी खालची तार ठोकायची, एखादा लांब फटका मोडून दोन आखूड टाकायचे. नवीन तान, नवीन वाक्य कुणी घेत नाही. पहिल्यांदा ऐकताना सगळी आवर्तनं सारखी वाटतात. दहा वेळा ऐकल्यावर एकही सारखं नाही हे कळतं.

मींड आणि गमक पूर्ण बाजूला ठेवा. स्वरावर बोट सरकत येतं, पण ते खालून चटकन, अगदी जेमतेम. आपली सावकाश मींड घातली तर बोचा ठेका मोडतो. व्हायब्रॅटोही नको.

सुरांच्या बाबतीत मात्र तुम्ही पाश्चात्य शास्त्रीय वादकांपेक्षा पुढे आहात. हा आस चालू असताना गंधार पियानोच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला लागतो, तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारासारखा. पियानोवर कान तयार झालेल्यांना हा स्वर लावायला फार वेळ लागतो. तुम्हाला तो लगेच लागेल. या भागातले जुने वादक कधी कधी गंधार किंवा निषाद कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठंतरी लावतात. चुकून नव्हे, दर वेळी तिथंच. तो ऐकू आला तर सुधारू नका. आणखी एक, जुन्या डिस्कचा वेग पुढे-मागे असतो, त्यामुळे रेकॉर्डिंगचा षड्ज ट्यूनरवरच्या डीशी जुळेलच असं नाही. ट्यूनर ठेवून द्या, रेकॉर्डिंगला वाद्य लावा.

पूर्व केंटकीची शैली एका धुनेतून समजत नाही, म्हणून थोडं आजूबाजूचंही ऐका. त्याच १९३७ च्या दौऱ्यात हॅझर्ड गावी ल्यूथर स्ट्राँग यांचं ध्वनिमुद्रण झालं. त्यांचं ‘ग्लोरी इन द मीटिंगहाउस’ ऐकलं की पहाडी फिडलचा धारदारपणा काय असतो ते कळतं. मॅगॉफिन काउंटीतलेच जॉन सॅलियर यांनी व्यावसायिक रेकॉर्डिंग कधी केलं नाही. त्यांच्या मुलांनी १९४१-४२ मध्ये घरच्या यंत्रावर धरून ठेवलेल्या धुना केंटकीतल्या बेरिया कॉलेजनं पुढे प्रसिद्ध केल्या. माझ्या मते या भागातला सगळ्यांत खोल वादक तोच. त्यांच्या कित्येक धुनांत एखादी मात्रा जास्त किंवा कमी येते. स्थानिक वादक अशा धुनेला वाकडी म्हणतात, आणि त्यात दोष मानत नाहीत. एकट्यानं वाजवणाऱ्याला वाक्य संपायला लागेल तेवढी जागा घेण्याची मोकळीक होती. गिटार आल्यावर ती मोकळीक गेली, कारण दोघांना एकत्र पोचावं लागतं. नॉट काउंटीचे हायरम स्टॅम्पर १८९३ ते १९९२ असं जवळजवळ शतक जगले. यादवी युद्धात लढून आलेल्या म्हाताऱ्यांकडून ते धुना शिकले होते.

डोंगर उतरून पश्चिमेला मॅडिसन काउंटीकडे आलात की बो लांब आणि गुळगुळीत होतो. तिथले डॉक रॉबर्ट्स १९२० च्या दशकात खूप रेकॉर्ड झाले, आणि त्यांच्या धुनांचा मोठा हिस्सा ओवेन वॉकर या कृष्णवर्णीय वादकाकडून आलेला होता. जिम बुकर हे दुसरे कृष्णवर्णीय फिडलवादक १९२७ मध्ये टेलर्स केंटकी बॉइज या गोऱ्या वादकांच्या चमूबरोबर ध्वनिमुद्रणात वाजवले. त्या काळी हे जवळजवळ कुठं होत नव्हतं. अमेरिकन फिडल ही स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेली गोऱ्यांची कला असं सांगणारी माणसं भेटतात. बोच्या ठेक्यात आफ्रिकी वंशाच्या वादकांचा वाटा किती मोठा आहे हे ही रेकॉर्डिंगं ऐकल्यावर लपत नाही.

ही जवळजवळ सगळी सामग्री इंटरनेटवर मोफत ऐकता येते. लोमॅक्सच्या केंटकी ध्वनिमुद्रणांचं डिजिटल संकलन लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या अमेरिकन फोकलाइफ सेंटरच्या सहभागातून झालं आहे, आणि बेरिया कॉलेजचा ध्वनिसंग्रहही मोठा आहे. अमेरिकेत कधी येणं झालं तर पूर्व केंटकीतल्या व्हाइट्सबर्गजवळ काउअन क्रीक माउंटन म्युझिक स्कूलचं उन्हाळी शिबिर भरतं, तिथं या भागातली मंडळी ही शैली समोर बसवून शिकवतात. तिथं स्वरलिपी कुणी उघडत नाही. शिकवणारा एक वाक्य वाजवतो, तुम्ही परत वाजवता. आपल्याकडच्या तालमीची सवय असलेल्या माणसाला तिथं घरी आल्यासारखं वाटतं.

तबल्याबद्दल. नको, निदान पहिल्या वर्षी नको. तबलजी चांगला असेल तर तो धुनेला साच्यात घालणार, समेवर आणणार, आणि बोचा उलटा जोर त्याच्या वजनाखाली दबणार. तुमचा बो एकटा नाचवू शकतो अशी खात्री होईपर्यंत एकट्यानंच वाजवा. सोबत हवीच असेल तर या परंपरेतलीच एक सोबत आहे, ती घरी करून बघण्यासारखी आहे. फिडलवादक वाजवत असताना दुसरा माणूस समोर बसून त्याच फिडलच्या तारांवर, बो आणि डाव्या हाताच्या मधल्या जागेत, दोन बारीक काड्यांनी ठेका धरतो. पूर्वी गवताच्या ताठ काड्या किंवा विणकामाच्या सुया वापरत. डी डी ए डी जुळवणीत चारही मोकळ्या तारा षड्ज-पंचमाच्या असल्यामुळे काडी कुठल्याही तारेवर पडली तरी बेसूर होत नाही. लाकडी सुया घ्या, धातूच्या नको, आणि फटका हलका, पडून उसळणारा. तुमच्या एखाद्या विद्यार्थिनीला हे काम द्या. तिच्या हातात ठेका आहे की नाही हे पहिल्या दोन मिनिटांत कळेल, आणि तुमचा बो कुठं घाई करतो तेही ती सांगेल.

धून हाताला बसली की जुळवणी लगेच मोडू नका. याच डी डी ए डीमध्ये ‘मिडनाइट ऑन द वॉटर’ नावाची टेक्ससची एक वॉल्ट्झ आहे, थॉमसन घराण्याकडून आलेली. तीन मात्रांची, संथ, लांब बोची. स्टेपच्या धुनेत बाजूला ठेवायला सांगितलेलं तुमचं बोचं सगळं शिक्षण तिथं कामाला येईल. तीच पुढची धून घ्या.